खाली बसणारी गाडी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि ज्याचा बसेल त्याने घरी जाऊन एकदा आपली नाडी तपासून घ्यावी. पण नव्या भाडेकरूंनी विचारलंच आहे, तर सांगणं भाग आहे. शेडमधलं ते भलंमोठं काळं धूड कुणाचं, त्याच्या बॉनेटवर ‘हात लावू नये, विशेषतः मालकाने’ अशी पाटी का, आणि तो मालक कमरेला पट्टा बांधून समोरच्या बाकावर असा ताठ का बसलाय. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पट्ट्याचं वेगळं. तो स्टेपनी उचलताना लागला, या गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. बाकी शब्द न् शब्द खरा. साक्षीला त्यांच्या आई इथं खुर्चीवर बसल्याच आहेत, पण त्यांना विचारून उपयोग नाही. संध्याकाळी त्या कानातलं यंत्र बंद करून ठेवतात, सेल उगाच जातो म्हणून. ते घराणंच तसं आहे.

या गृहस्थांना आपल्या बिल्डिंगमध्ये सगळे बटणराव म्हणतात. आईवडिलांनी दुसरं काहीतरी चांगलं नाव ठेवलं होतं, ते आता फक्त टपालावर येतं. वीज कचेरीत बिलांच्या तक्रारी ऐकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. समोर येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, साहेब, आम्ही काही लावलंच नव्हतं, तरी एवढं बिल कसं आलं. हे जन्मभर ऐकल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. भिंतीत खुपसलेली प्रत्येक वस्तू आपल्या पाठीमागे चोरून करंट खाते, अशी त्यांची पक्की समजूत झाली. टीव्ही बटणावर बंद करून त्यांचं समाधान होत नाही, ते प्लग उपटतात. दारावरची घंटासुद्धा संध्याकाळनंतर बंद असते. पाहुणे अंगठा दुखेपर्यंत बटण दाबतात आणि कुणी घरात नाही असं समजून परत जातात, यातही काही बचत होते असं बटणराव मानतात. त्यांच्या बायकोची इस्त्री शर्टाच्या मधोमध गार पडलेली मी स्वतः पाहिली आहे.

तर अशा माणसाने ही गाडी घेतली. का घेतली, ते आधी ऐका.

आईंचा उजवा गुडघा वळत नाही. कधीतरी जिन्यात पडल्या, तेव्हापासून तो पाय काठीसारखा सरळच राहिला. घरात त्या तुमच्याआमच्यापेक्षा भराभर चालतात, पण गाडीत बसायचं म्हटलं की पंचाईत. बुटक्या गाडीत बसावं तर धपकन पडल्यासारखं बसावं लागतं आणि पाय दाराबाहेर राहतो. उंच गाडीत चढावं तर चढायला गुडघा लागतोच. त्यामुळे कित्येक वर्षं त्या गावाबाहेर गेल्या नव्हत्या. आणि तिकडे परगावी त्यांची धाकटी बहीण, सगळ्यांची मावशी, तिचे डोळे जायला लागले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. दोघी बहिणी रोज फोनवर भांडायच्या, लहानपणी आईचा हस्तिदंती कंगवा कुणी मोडला यावरून. एके दिवशी मावशी भांडल्याच नाहीत. म्हणाल्या, ताई, खिडकी कुठं आहे तेवढं आता कळतं, खिडकीबाहेरचं काही दिसत नाही.

आईंनी फोन ठेवला आणि मुलाला बोलावलं. “तिला दिसतंय तोवर मी तिला दिसायला हवी. नंतर जाऊन काय करू? आवाज तर माझा रोज ऐकतेच आहे ती.”

तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, ॲम्ब्युलन्स सांगू, आडवं झोपवून नेऊ. आई म्हणाल्या, त्यात मी एकदाच बसणार आहे आणि तेव्हा मला विचारायची तुम्हाला गरज पडणार नाही. विषय संपला.

मग बटणराव जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले. गेले होते एखादी साधी, रुंद दाराची व्हॅन बघायला. तिथल्या दलालाने त्यांच्याकडे बघितलं, गुडघ्याची हकिकत ऐकून घेतली, त्यांना मागच्या बाजूला नेलं आणि या काळ्या गाडीचं एक बटण दाबलं.

मंडळी, इथं मला जरा हळू सांगू द्या. आधी आतून एक सुस्कारा आला. मग ते सगळं धूड, ते टायर, त्या काचा, तो आपल्या स्वयंपाकघराएवढा पुढचा भाग, सगळं हळूहळू खाली यायला लागलं. वजनदार पाहुणा आपल्या घरातल्या नाजूक खुर्चीवर बसताना कसा अंदाज घेत घेत बसतो, तशी ती गाडी बसली. दार उघडलं तर दाराखाली जमिनीवर उजेडाचं एक वर्तुळ पडलं, पाय कुठं ठेवायचा ते दाखवायला. पुढची सीट आपणहून मागे सरकली, न वळणाऱ्या पायालाही जागा होईल इतकी. दलाल म्हणाला, आता दार नुसतं टेकवा. बटणरावांनी टेकवलं. दाराने उरलेलं अंतर स्वतःच ओढून घेतलं, आवाज न करता, जसं कुणी आतून धरून लावावं. जन्मभर टॅक्सीची दारं दोनदोनदा आपटलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणतात धूळ गेली. बाजारात धूळ असते, मी वाद घालत नाही.

आधीचा मालक कुणी आडदांड कंत्राटदार होता आणि त्याच्या मते गाडी जुनी झाली होती. काही लोकांना वस्तू अशा वेळी जुनी वाटते, की आपल्याला ती नवी म्हणून हळूच हात लावावासा वाटतो.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी सगळी बिल्डिंग खाली उतरली. बटणरावांनी गाडी एकदा बसवून दाखवली, एकदा उठवून दाखवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देखावाच असा होता, की टाळ्या वाजवणं उर्मटपणाचं वाटलं असतं. त्यांच्या बायकोने मात्र दोन खोल्यांचं आपलं घर आणि ती गाडी यांच्याकडे आळीपाळीने बघून विचारलं, की आता आपण राहायचं कशात. आईंना बसवलं. त्या सरळ पाय घेऊन सरळ आत गेल्या, मागे टेकल्या, आणि कितीतरी वेळ उतरल्याच नाहीत. छताच्या काचेतून आभाळ बघत होत्या. उतरल्या तेव्हा म्हणाल्या, रविवारी निघू. मावशीला कळवलं. बटणरावांनी गाडी शेडमध्ये लावली, सगळं जिथल्या तिथं केलं, आवरण घातलं आणि वर गेले.

रविवारी सकाळी आई नवे कपडे घालून, पिशवी काखेला मारून खाली आल्या. बटणरावांनी दार उघडलं तर ड्रायव्हरची सीट पार मागच्या सीटला जाऊन भिडली होती, कंत्राटदाराच्या मापाची. बटणराव बसले ते पाळण्यात ठेवलेल्या मुलासारखे, पाय हवेत. घड्याळात बारा. आतली बाई, म्हणजे गाडीतला तो आवाज, काल आपल्याला कळेल असं बोलत होती ती आज कुठल्यातरी परक्या भाषेत एकसारखी काहीतरी बजावत होती. आणि गाडी उंचच्या उंच उभी. बसायचं बटण दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं तर पाठ चोळायचं यंत्र सुरू झालं आणि बटणराव परक्या भाषेत चोळले जाऊ लागले.

सगळी बिल्डिंग खिडक्यांत उभी. त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आईच म्हणाल्या, राहू दे, झोपेतून उठली नसेल अजून, आणि पिशवी घेऊन वर गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बटणरावांना बरं वाटलं असतं.

इथून सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरचे बॉयलरवाले, ते कारखान्यात बॉयलर तपासायचे, त्यांनी सांगितलं की गाडी हवेच्या पिशव्यांवर उभी आहे, तेव्हा हा दाबाचा प्रश्न आहे, कुठंतरी गळती असणार. हे ऐकून डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन आले. चारी चाकांच्या आत नळी लावून, डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि मागे डावीकडे थोडी घरघर आहे म्हणाले. बॉयलरवाल्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, सायकलच्या ट्यूबला लावतात तसा साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की भोक तिथं. मग घरोघरचा शाम्पू गोळा झाला. चारी पिशव्यांना फेस फासून डॉक्टर गाडीखाली आडवे झाले आणि बुडबुड्याची वाट बघू लागले. बुडबुडा काही आला नाही. पण गाडीच्या बुडाखाली पाय हलवला की मागचं दार आपोआप उघडतं, ही सोय त्यांना कुणी सांगितली नव्हती. डॉक्टरांनी मुंग्या आल्या म्हणून पाय झटकला, दार दिमाखात वर गेलं आणि वाकून बघत असलेल्या बॉयलरवाल्यांच्या हनुवटीवर बसलं. बॉयलरवाल्यांनी गळती नाही हे त्याच क्षणी मान्य केलं. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, तिथं मात्र घरघर नव्हती.

गंमत अशी, की बटणराव गाडी घेऊन जरा फिरून आले की तिला हळूहळू सगळं आठवायचं. गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत बाई आपल्या भाषेवर यायची, मोठ्या रस्त्याला लागलं की हवा धरायची, आणि परत येऊन बटण दाबलं की गाडी मुकाट्याने खाली बसायची. तेव्हा बिल्डिंगमधलं कुणी बघायला नसायचं. आणि दुसऱ्या सकाळी, आई पिशवी घेऊन उभ्या असल्या, की पुन्हा उंच. आपण चालवून आणू आणि मग आईंना बसवू, हेही त्यांनी करून बघितलं. पण आई म्हणाल्या, वाटेत मला उतरवशील आणि पुन्हा चढवता येणार नाही, मग मी तिथंच राहू का. विश्वास गेला की गेला.

ही बारीक शिट्टी कुठून येते आहे? कुणीतरी चहाचं आधण ठेवलेलं दिसतं. असो.

मग तुळईचं प्रकरण झालं. शेडला ती आडवी तुळई आहे ना, तिच्याखालून गाडी बसलेली असली तरच आत जाते. एका संध्याकाळी बटणरावांनी ती छान बसवून आत नेली. सकाळी सुरू केली तर गाडीला आपण बसलो होतो याचाच विसर पडला. ती उभी राहायला लागली. छत तुळईला लागलं. सगळ्या शेडने हूं केलं. आणि गाडी तिथंच थांबली, मान ताठ, वर तुळई, जशी काही शेड तिनंच उचलून धरली आहे. सेक्रेटरींनी ताबडतोब सूचना लावली, की कोणत्याही वाहनाने सोसायटीच्या मालमत्तेवर डोके टेकू नये. हा नियम जगात दुसऱ्या कुठल्या सोसायटीत नसेल.

बॉयलरवाल्यांनी हनुवटीला पट्टी लावूनच हिशेब मांडला, की गाडीत वजन घातलं की ती दबेल आणि बाहेर काढता येईल. बिल्डिंग आत बसली. सेक्रेटरी बसले, डॉक्टर बसले, जिन्यातून खाली येणारा इन्शुरन्सवालासुद्धा बसला. आणि मंडळी, इथं मी हात जोडतो. गाडी दबली, क्षणभर. मग आतून तो सुस्कारा आला आणि तिने आम्हा सगळ्यांना उचलून पुन्हा आपल्या उंचीला नेऊन ठेवलं. आणखी माणसं बसली, तिने आणखी उचललं. जितकं ओझं, तितका तिला हुरूप. आपल्या कुणाच्या घरात असं माणूस नाही. शेवटी चारी टायरांची हवा सोडली तेव्हा ती बाहेर आली, आणि मग सायकलच्या पंपाने ती हवा परत भरण्यात बिल्डिंगमधल्या यच्चयावत पुरुषांचे दंड भरले.

या सगळ्यात गाडी नावावर करून घ्यायची राहिली होती. वाहन कचेरीतल्या अधिकाऱ्याने टेप काढून गाडीची उंची मोजली. कागदावरच्या उंचीशी जुळेना. बटणराव म्हणाले, थांबा, बसवतो. बसवली. मोजली. आता ती दुसऱ्या बाजूने चुकली. अधिकारी शांत माणूस होता. तो म्हणाला, वाहनाला उंची एकच असते, तुमच्या वाहनाने आधी आपसांत काय ते ठरवावं. बटणरावांनी समजावलं, की साहेब, तुम्ही बसता तेव्हा तुमची उंची कमी होते, म्हणून तुमच्या कागदपत्रांत बदल करतात का? उत्तर बिनतोड होतं, त्यामुळे त्यांना दोन खिडक्या पुढे पाठवण्यात आलं. तिथून तीन खिडक्या मागे. शेवटी एका खिडकीतल्या बाईंनी विचारलं, गाडी मोजताना तिने श्वास रोखून धरला तर नाही का चालणार. बटणराव म्हणाले, विचारतो. तोवर त्यांच्यात फार काही उरलं नव्हतं.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तर त्यांची आणखीच शोभा झाली. काचेचा हॉल, गार हवा, आणि टाय लावलेला सल्लागार. त्याने गाडीच्या पोटात तार खुपसून पडद्यावर तिची कुंडली बघितली आणि म्हणाला, हिला काही झालेलं नाही. बटण दाबलं, गाडी बसली. वर्कशॉपमध्ये मुक्काम ठेवून घेतली, सकाळीही बसली. सल्लागारासाठी बसली, त्याच्या साहेबासाठी बसली, कॉफी आणणाऱ्या बाईंसाठीही बसली. बटणराव बघत राहिले. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी शहाण्यासारखं जेवतं तेव्हा जे वाटतं ते वाटत होतं. सल्लागाराने अगदी हळुवारपणे विचारलं, की काका, घरी गाडी तुम्हीच चालवता का. तरीसुद्धा मनाचं समाधान म्हणून चाकापाशी असलेली, उंची सांगणारी एक काडी बदलून बघितली. मग ती हवा भरणारा पंप बदलला. हे भाग बटणरावांनी जुन्या सामानाच्या गल्लीतून, मोडीत काढलेल्या तशाच एका गाडीच्या अंगावरून सोडवून आणले होते. तिथं ती गाडी उघडी पडली होती, आणि तिच्या दाराचं ते उजेडाचं वर्तुळ अजून लागत होतं, नुसत्या मातीवर. बटणराव बराच वेळ तिथं टोपी हातात घेऊन उभे होते म्हणतात.

भाग बदलूनही फरक नाही. बटणरावांनी आता गाडीला अहोजाहो करायला सुरुवात केली. सकाळी दार उघडायच्या आधी ते खालच्या आवाजात म्हणायचे, बसता का जरा. बायकोने ते ऐकलं. ती म्हणाली, आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी विचारलं नाहीत, बसता का जरा. त्या दिवशी घरात दोन वस्तू बिघडलेल्या होत्या.

आणि तिकडे मावशींचा फोन. आता खिडकी कुठं आहे तेही चाचपावं लागतं म्हणाल्या. आईंनी भांडण उकरून काढायचा प्रयत्न केला, कंगवा मीच मोडला हे कबूलसुद्धा केलं. मावशी नुसत्या म्हणाल्या, जाऊ दे गं. त्या संध्याकाळी आई जेवल्या नाहीत. बटणरावही जेवले नाहीत, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते गाडीत बसून होते.

आई दिवसभर खिडकीत बसतात. शेड त्यांच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, “रोज संध्याकाळी तू तिचं झाकण उघडून आत काय करतोस रे?”

“बॅटरीची वायर काढतो. रात्रभर उगाच करंट खाते.”

“आणि सकाळी लावतोस.”

“हो. म्हणजे काय, लावायला नको?”

आईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. “हे बंद केल्यावर घरात काय चाललंय ते मला कळतं का?”

बटणरावांनी मान हलवली, नाही.

“मग तिला कसं कळेल?”

बशीत सांडलेला चहा बशीतच राहिला. बटणराव उठले, जिना उतरले, आणि गाडीसमोर जाऊन उभे राहिले. दररोज संध्याकाळी ते त्या बिचारीची आठवण पुसत होते, आणि दररोज सकाळी ती आपण कोण, कुठल्या देशाच्या, आपला मालक केवढा, इथपासून सुरुवात करत होती. तरीही गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत सावरत होती. वर्कशॉपमध्ये कुणी वायर काढत नव्हतं, म्हणून तिथं शहाणी. मला विचाराल तर मला त्या गाडीचं जितकं आश्चर्य वाटलं, तितकं नंतर कशाचंच वाटलेलं नाही. मला रोज असं पुसलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी उठलोच नसतो.

त्यांनी गाडीची माफी मागितली. ती पाटी स्वतःच्या हाताने रंगवली. रात्रभर वायर जागेवर राहिली, आणि बटणरावांना झोप लागली नाही, खाली कुणीतरी दिवा चालू ठेवलाय असं वाटत राहिलं. पण सकाळी आई पिशवी घेऊन उतरल्या, बटण दाबलं, आणि सगळ्या बिल्डिंगदेखत गाडी बसली. उजेडाचं वर्तुळ पडलं. आईंनी त्यात काठी टेकली आणि आत गेल्या. बॉयलरवाल्यांनी रुमाल काढला आणि हनुवटीला लावला, वाटेत डोळ्यांवरून नेऊन.

रस्त्याची माहिती आहे म्हणून मला मागे बसवलं होतं, तेव्हा पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गाडी चालली नाही, वाहिली. खड्डा आला की तो दुसऱ्या कुणाला तरी आला असं वाटायचं. आईंनी वाटभर छताच्या काचेतून ढग मोजले. मावशींच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही फळं घ्यायला थांबलो, विशेष काही नाही, आणि आत वळलो.

मावशी दारात उभ्या होत्या, चौकट धरून. सगळी गल्ली उभी होती. बटणरावांनी बटण दाबलं, आणि काय सांगू, आजवर बसली नव्हती इतकी ती खाली बसली. घरी बसली ते काहीच नाही. पोट जमिनीला लागेल की काय असं मला वाटलं. पुढचे दिवे मिटवले आणि उघडले, वडीलमाणसासमोर डोळे खाली करावे तसे. आई तिच्यातून अशा उतरल्या, जशी पायरी त्यांच्यासाठीच घडवली होती. मावशी दोन पावलं पुढे आल्या, आईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळ नेला, इतका जवळ की नाकं लागली, आणि म्हणाल्या, ताई, किती गं म्हातारी झालीस. आई म्हणाल्या, दिसतंय म्हणजे तुला. मग दोघी कंगव्यावरून भांडायला आत गेल्या.

आणि गाडी बसल्याचा पुरावाच हवा असेल तर खुद्द मावशींचे शब्द आहेत, जिचे डोळे जात होते तिने सांगितलेले, की ताई, काय गं तुझी गाडी, किती अलगद बसली खाली. त्या दिवसापासून बटणरावांनी वायरीला बोट लावलेलं नाही, आणि गाडी एकदाही—

“पुरे,” आई म्हणाल्या.

ती बारीक शिट्टी चहाच्या आधणाची नव्हती. त्यांच्या कानातलं यंत्र वाजत होतं. मघापासून चालू होतं.

“तिथं गाडी बसली नाही,” आई म्हणाल्या, नव्या भाडेकरूंकडे बघून, कारण त्यांना खरं सांगण्याइतकं नवं तिथं दुसरं कुणी नव्हतं. “गल्लीच्या तोंडाशी फळं घ्यायला थांबलो, तेवढ्यात यानं सवयीनं जाऊन वायर काढली आणि पुन्हा लावली. पाटी स्वतः रंगवलेली, तरी काढली. मग ती आली दारात, नाक वर करून. हा बटणं दाबतोय, आतली बाई परकं काहीतरी बोलतेय, बहीण चौकट धरून उभी. तेव्हा हा उतरला, माझ्या दाराशी आला आणि अंगातल्या काळ्या कोटासकट रस्त्यावर ओणवा झाला. मी म्हटलं, एवढ्या वरून मला जमायचं नाही. तर म्हणाला, तू फक्त उभी राहा, खाली मी नेतो.”

बटणराव पट्ट्याची पट्टी उगाचच सैल करत होते.

“मी दार धरून याच्या पाठीवर उभी राहिले. आणि हा बसत गेला. आधी कोपरं टेकली, मग छाती. एवढासा धक्का लागला नाही मला. पट्टा तेव्हाचा आहे, स्टेपनी कुठली आलीय. आणि हा सांगणारा सगळा वेळ मागच्या सीटवर पाठ चोळून घेत होता, उतरलासुद्धा नाही.”

त्यांनी काठी उचलली, उठल्या, आणि जिन्याकडे वळताना मुलाच्या खांद्यावर हात टेकला, आधारासाठी लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ.

“बहिणीला तेवढंच दिसलं. काहीतरी काळं, मोठं, हळूहळू खाली बसलं, आणि त्यावरून मी उतरले. म्हणाली, काय गं तुझी गाडी, किती अलगद बसली. मी म्हटलं, हो. जुनी आहे, पण गुणाची आहे.”